पडद्यावरचे मूल आणि कॅमेऱ्यासमोरचे मूल

जानेवारी २०२२ मध्ये महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ या चित्रपटाचा ट्रेलर यूट्यूबवर आला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. अल्पवयीन मुलांना लैंगिक प्रसंगांत आणि अमानुष हिंसेत दाखविले आहे, अशी तक्रार होती. राष्ट्रीय महिला आयोगाने माहिती व प्रसारण मंत्रालयास पत्र लिहिले. पुढे मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयाच्या आदेशावरून फेब्रुवारीत माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविला गेला. चित्रपट मात्र १४ जानेवारीलाच, प्रौढांसाठीचे ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन, चित्रपटगृहांत लागला होता. सेन्सॉरने संमत केलेली कलाकृती आणि तिच्यावर फौजदारी गुन्हा, असा हा चमत्कारिक प्रसंग होता.

आमची पहिली प्रतिक्रिया साहित्याच्या माणसांची असते तशीच होती. मूळ कथा जयंत पवारांची. ते आदल्या वर्षी, २९ ऑगस्ट २०२१ रोजी, गेले. गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावात वाढणारी, कोणाचीच नसलेली पोरे हा त्या कथेचा गाभा. आम्ही ती वाचली होती, तिच्यावर बोललो होतो, विद्यार्थ्यांना वाचायला दिली होती. तेव्हा तक्रारीची बातमी ऐकताच ‘सखाराम बाइंडर’पासूनची सगळी मालिका डोळ्यांसमोर उभी राहिली आणि संस्कृतिरक्षक पुन्हा बाहेर पडले, एवढे म्हणून आम्ही मोकळे झालो. आज ती प्रतिक्रिया आम्हांला अपुरी वाटते. चुकीची नव्हे, अपुरी. ती का अपुरी, हे शोधताना आम्ही मागे मागे जात राहिलो आणि वाटेत आमचा स्वतःचा जिल्हा दोन-तीनदा लागला. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, जुन्या काळाविषयी लिहिताना आम्ही सवयीने ‘नगर’ म्हणणार आहोत.)

पहिल्यांदा लागले ते शाहू मोडक यांचे नाव. १९१८ साली नगरला एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला हा मुलगा १९३२ मध्ये, चौदाव्या वर्षी, भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये कृष्ण झाला. राधेच्या भूमिकेत शांता आपटे होत्या. त्याही तेव्हा वयाने लहानच. चित्रपटाने मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा केला. पुढे मोडकांनी इतक्या वेळा कृष्ण केला की अनेकांच्या देवघरातल्या कृष्णाला त्यांचा चेहरा आला असावा. आता या घटनेकडे आजच्या नजरेने पाहावे. चौदा वर्षांचा मुलगा आणि किशोरवयीन मुलगी राधा-कृष्णाचा शृंगार पडद्यावर आणतात. मुलगा ख्रिस्ती आहे, भूमिका देवाची आहे. यावर मुलांच्या रक्षणाच्या नावाने कोणी आरोळी ठोकल्याचे आमच्या वाचनात नाही. मूल देव झाले की त्याचे वय नाहीसे होते. प्रेक्षकाला लीला दिसते, मुलगा दिसत नाही.

त्याच्याही मागे गेले तर फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये रोहिदासाचे काम दादासाहेबांच्या मुलाने, भालचंद्रने केले. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. हिंदी चित्रसृष्टीचे पहिले बालकलाकार घरचेच होते. ‘हरिश्चंद्र’च्या चित्रीकरणाची एक आठवण सांगितली जाते. खेळताना भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला लागले, बेशुद्ध झाला. उपचार झाले, परंतु काम थांबविण्याऐवजी फाळक्यांनी रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग त्या शुद्धीवर न आलेल्या मुलावरच चित्रित केला. ही आठवण आजवर आम्ही ध्येयवेडेपणाचे उदाहरण म्हणून ऐकत आलो आणि वर्गात सांगतही आलो. बाप निर्दय नव्हता. पैसा संपत होता, फिल्म महाग होती, परत येणे परवडणारे नव्हते, हे सर्व खरे. पण पडद्यावर जे प्रेक्षकांनी पाहिले त्यात आक्षेप घ्यावे असे काहीच नव्हते, हेही तितकेच खरे. सत्त्वशील राजा, पुराणातली कथा, मेलेला राजपुत्र, शेवटी देवाची कृपा. कोणतेही सेन्सॉर मंडळ त्यातील एक फूटही कापू शकले नसते. कापण्याजोगे जे होते ते पडद्यावर नव्हतेच.

आमचा मुद्दा खरे तर याच प्रसंगात आहे. सेन्सॉर पाहतो तो तयार झालेला चित्रपट. तो तयार कसा झाला, हे पाहण्याचे डोळे त्याला दिलेलेच नाहीत. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि त्यानंतर १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून येथे निघालेली मंडळे यांची सारी काळजी प्रेक्षकाविषयी होती: देशी प्रेक्षक बिथरेल, गोऱ्यांविषयीचा धाक कमी होईल. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला तरी दृष्टीची दिशा तीच राहिली. फक्त बिथरणाऱ्या प्रजेच्या जागी आता बिघडणारे मूल आले. १९७० च्या के. ए. अब्बास खटल्यात हे स्पष्ट दिसते. अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या लघुपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारने मध्येच नमते घेऊन प्रमाणपत्र देऊ केले, तरी न्यायालयाने पूर्वपरीक्षणाच्या मूळ प्रश्नाला हात घातला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या निकालाचा आशय असा की चित्रपट पुस्तकापेक्षा भावना अधिक खोल ढवळतो आणि मुले व किशोर त्यावर लवकर विश्वास ठेवतात, म्हणून पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नाही. त्याच निकालात त्यांनी उलट बाजूही बजावली: समाजातल्या सर्वांत दुबळ्या वा विकृत माणसाला माप धरून निरोगी माणसाने काय पाहावे हे ठरवू नये. निकाल सुंदर आहे आणि आम्ही त्याचे चाहते आहोत. पण त्यातले मूल हे खुर्चीत बसलेले मूल आहे. अब्बासांच्या कॅमेऱ्यासमोर कोण होते, त्यांना विचारले होते का, हा प्रश्न त्या खटल्यात कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

साहित्यात तर हे मूल आणखी दूर जाते. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये काकोडकरांना निर्दोष ठरविले. काळ बदलतो, कालचे अश्लील आज तसे राहत नाही, आणि ही कथा किशोरवयीन वाचकाच्या हाती पडली तरी तो बिघडेल असे नाही, असा त्या निकालाचा सूर होता. मराठी साहित्यिकांचे अश्लीलतेविषयीचे सारे बचाव या परंपरेवर उभे आहेत: कलाकृती अखंड पाहा, सुटी वाक्ये काढू नका, लेखकाचा हेतू पाहा, वाचकाला लहान समजू नका. हे बचाव आम्हांला पाठ आहेत. २०२२ मध्ये आम्ही तेच काढून पुढे ठेवले.

त्या वेळी आमच्याकडून निसटले ते असे. जयंत पवारांचा दिगू शब्दांचा आहे. त्याने केलेला, त्याच्यावर झालेला प्रत्येक अत्याचार कागदावर झाला. ती कथा लिहिताना कोणत्याही खऱ्या मुलाला कोठे उभे राहावे लागले नाही, काही करावे लागले नाही, काही पाहावे लागले नाही. चित्रपटात तसे होत नाही. तेथे दिगूसाठी एक देह लागतो. तो देह वयाने लहान असेल, तर पटकथेतील प्रत्येक क्रियापद कोणीतरी त्याच्याकडून करवून घ्यावे लागते, किंवा करवून न घेता तसे भासवावे लागते. ‘करवून घेणे’ आणि ‘भासविणे’ यांमधले अंतर किती राखले गेले, हा खरा प्रश्न आहे; आणि तो मूळ कथेच्या थोरवीने सुटत नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या लेखकाची कथा असली म्हणून त्या मुलाच्या बाबतीत काहीच सिद्ध होत नाही. उलट चित्रपट सवंग आहे असे मत झाले, म्हणूनही मुलावर अन्याय झाला असे ठरत नाही. कलेचे मूल्य आणि मुलाचे हित ही दोन वेगळी मोजमापे आहेत, आणि दोन्ही बाजू एकाच फूटपट्टीने भांडत होत्या.

निर्मात्यांच्या बाजूने ‘ए’ प्रमाणपत्र पुढे केले गेले. हे उत्तर प्रेक्षकातल्या मुलापुरते पुरेसे आहे: अठराच्या आतल्याने पाहू नये. पण पॉक्सो कायदा (२०१२) प्रेक्षकाचे वय विचारतच नाही. त्यातील संबंधित कलमे विचारतात ते एवढेच की मुलाचा वापर झाला का. तक्रारदारांनी सेन्सॉरला ओलांडून थेट या कायद्याकडे जावे, यात त्यांचा हेतू काहीही असो, एक तर्क होता. दुसरीकडे, ज्या ट्रेलरवरून आग लागली तो तर यूट्यूबवर होता, आणि तेथे प्रमाणन मंडळाचा अधिकार पोहोचत नाही. चित्रपटगृहाच्या दारावर वय विचारणारा माणूस उभा आणि भिंतीला भगदाड, अशी ही स्थिती. म्हणजे सेन्सॉरची मर्यादा दोन टोकांना उघडी पडली. निर्मितीच्या टोकाला त्याचे डोळे पोहोचत नाहीत आणि प्रसाराच्या टोकाला त्याचे हात.

हा पेच एकट्या मराठीचा नाही. ग्युंटर ग्रास यांच्या ‘टिन ड्रम’ (१९५९) या कादंबरीवर फोल्कर श्लोंडॉर्फ यांनी १९७९ मध्ये चित्रपट केला. त्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले, ऑस्करही मिळाले. वाढायचे नाकारणाऱ्या ओस्करची भूमिका एका लहान मुलाने केली होती. १९९७ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी, अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या पोलिसांनी या चित्रपटाच्या व्हिडिओ कॅसेटी दुकानांतून आणि एका ग्राहकाच्या घरातूनही जप्त केल्या. पुढच्या वर्षी संघराज्य न्यायालयाने चित्रपट बालअश्लीलतेत मोडत नाही असे सांगितले आणि जप्तीही अयोग्य ठरविली. न्याय झाला, असे आपण म्हणतो. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. कादंबरीच्या ओस्करविषयी असा प्रश्न कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकला नसता, कारण कादंबरीच्या ओस्करला आईबाप नव्हते, शाळा नव्हती, पुढचे आयुष्य नव्हते.

आता पुन्हा आमच्या जिल्ह्यात येऊ. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्याची कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. जब्याचे काम करणारा सोमनाथ अवघडे शेजारच्या करमाळा तालुक्यातील केम गावचा, हलगी वाजविणारा मुलगा. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्यातल्या काहींनी हा चित्रपट नगरच्या चित्रपटगृहात पाहिला. राष्ट्रगीत सुरू होते, डुक्कर पकडायला निघालेले कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर पळून जाते. त्या वेळी सभागृहात आधी हशा पिकला आणि तो मध्येच तुटला. तो तुटलेला हशा आम्हांला अजून ऐकू येतो.

प्रमाणन मंडळासाठी केंद्र सरकारने १९९१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत मुलांविषयी एक कलम आहे. मूल हिंसेचे बळी म्हणून, हिंसा करणारे म्हणून किंवा ती बळजबरीने पाहावी लागणारे साक्षीदार म्हणून, तसेच कोणत्याही छळाला तोंड देताना, विनाकारण दाखविले जाऊ नये. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे कलम एकदा ‘फँड्री’ शेजारी ठेवून वाचावे. जब्या या तिन्ही जागी आहे. सारे गाव बघत असताना त्याला डुकरामागे धावावे लागते, तेव्हा तो बळी असतो. बापाची लाचारी त्याला रोज पाहावी लागते, तेव्हा तो साक्षीदार असतो. आणि शेवटी तो दगड उचलतो. चित्रपटाची सारी रचनाच बळी ते साक्षीदार ते फेकणारा या प्रवासाची आहे. कलमातला ‘विनाकारण’ हा एक शब्द काढून टाकला तर ‘फँड्री’ दाखविता येणार नाही. म्हणजे सगळा भार त्या एका शब्दावर आहे, आणि कारण आहे की नाही हे ठरविणे ही समीक्षा आहे. सरकारने नेमलेल्या चार-पाच माणसांनी दुपारच्या खेळात बसून ती करावी, अशी अपेक्षा आहे. कधी ती बरी होते, कधी होत नाही.

‘फँड्री’तील मुलाविषयी २०२२ सारखी ओरड झालेली आम्हांला आठवत नाही. ती व्हावी असे आमचे म्हणणे नाही. पण मुलाचा अपमान, त्याच्या जातीवरून उडविलेली टर, अंगावर येणारी गर्दी, हे सर्व पाहून ज्यांची बालविषयक संवेदना जागी झाली नाही, ती कामुक प्रसंगाने लगेच जागी होते, याची नोंद घेतलीच पाहिजे. ‘दशक्रिया’चे उदाहरण याहून बोलके आहे. बाबा भांड यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट पैठणच्या घाटावर, गोदावरीच्या पाण्यातून नाणी वेचणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगतो. पैठणच्या समोरचा काठ ओलांडला की आमचा शेवगाव तालुका. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो प्रदर्शित होताना वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि स्थगिती नाकारली गेली. आक्षेप कशावर होता? पुरोहितांच्या चित्रणावर. मुलावर कोणाचा काहीच आक्षेप नव्हता. शाळेच्या वयाचे पोर मढ्याच्या राखेत हात घालून पैसे शोधते, हे सर्वांना चालण्यासारखे होते.

मराठी मनातले मूल म्हणजे साने गुरुजींचा श्याम. त्यात वावगे काही नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाने आणि १९५३ च्या अत्रे यांच्या चित्रपटाने काही पिढ्यांना रडविले आणि घडविले. (पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई फोकाने मारते, तो प्रसंग १९९१ च्या कलमाखाली कसा तपासला जाईल, अशी गंमत कधी कधी मनात येते.) पण श्यामच्या पलीकडचे मूल दिसले की आपण कासावीस होतो. ‘शाळा’तील मुकुंद आणि ‘बालक-पालक’मधली चाळीतली मुले आपण हसत, आठवणी काढत स्वीकारली, कारण त्यांची इच्छा सुरक्षित घरांतली होती. जब्याची इच्छा गावकुसाजवळची आहे आणि दिगूची इच्छाच मेलेली आहे. या दोघांना निरागसपणाचा प्रवेश पास मिळत नाही.

आणि येथे पडद्याबाहेरच्या एका मुलाविषयी लिहिणे भाग आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी, ‘फँड्री’ लागून ७३ दिवस झाले असताना, आमच्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतील मुलीशी बोलल्याचा संशय हे कारण सांगितले गेले. खर्डा हे १७९५ च्या लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात असलेले गाव. केमपासून फार लांब नाही. खटला चालला, अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या दिवसांत वर्गात ‘फँड्री’विषयी बोलणे आम्हांला जड गेले. एका विद्यार्थ्याने विचारले की सर, जब्याच्या दगडानंतर काय झाले असेल? चित्रपट तेथेच संपतो, असे उत्तर आम्ही दिले. तो नाट्यशास्त्राच्या तासाला शोभणारा प्रतिसाद होता आणि मुलाने तो वहीत लिहूनही घेतला.

या तीन मुलांना, म्हणजे पाहणाऱ्या, काम करणाऱ्या आणि गावात राहणाऱ्या मुलाला, आपण एकच समजतो आणि तिघांची जबाबदारी सेन्सॉरच्या गळ्यात घालतो. पाहणाऱ्यासाठी सेन्सॉर काही करू शकतो. १९८३ पासून त्याच्या नावातही ‘प्रमाणन’ आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा व सोळा वर्षांच्या टप्प्यांची वर्गवारी आणली, ती कापाकापीपेक्षा निश्चित शहाणपणाची. गावातल्या मुलासाठी त्याच्याकडे काही नाही; असल्याचा आव आणला तर तो खोटा ठरतो. ‘फँड्री’ कापून खर्डा टळले नसते आणि ‘फँड्री’ दाखवूनही टळले नाही.

उरतो कॅमेऱ्यासमोरचा मुलगा. त्याच्यासाठी जे काही झाले ते सिनेमाच्या नव्हे, मजुरीच्या कायद्यात झाले, आणि त्याकडे आम्हा साहित्यवाल्यांचे लक्षही गेले नाही. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ चे नियम आले. त्यांनुसार चौदा वर्षांखालील मुलाला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही. त्याच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. आणि त्याच्या संमतीवाचून, त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करवून घेता येत नाही. निर्मात्याने यासाठी ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी काढायची असते. भालचंद्र फाळके यांच्या वेळी असले काही नव्हते. शाहू मोडकांच्या वेळीही नव्हते. जब्याच्या वेळीही हे नियम अजून यायचे होते. पुढचा ‘फँड्री’ अकोळनेरला होईल तेव्हा पटकथेच्या आधी एक अर्ज नगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत जाईल. त्यात मुलाचे नाव, वय आणि त्याची काळजी घेणाऱ्या माणसाचे नाव असेल. त्या मुलाला कोणत्या प्रसंगात काय करावे लागणार आहे, हे मात्र त्या कचेरीतील कारकुनाला पटकथा वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि पटकथा वाचता येणारी माणसे आमच्या वर्गांतून बाहेर पडतात.